कडूबा बोलत नाही

वरवट बकाल, ता. ९ जुलै १९६१

दादा,

मोठ्यांना पत्र लिहिताना वर ‘तीर्थरूप’ घालायचं आणि धाकट्यांना ‘चिरंजीव’, एवढं गुरुजींनी शिकवलं होतं. रुसून मागं राहिलेल्या भावाला काय घालायचं ते शिकवलं नाही. म्हणून नुसतं दादा.

आम्ही सुखरूप पोचलो. धाडहून बुलढाण्याची गाडी मिळाली, तिथून खामगावची. घाट उतरताना माय डोळे मिटून बसली होती. कडूबा घाटात दोनदा ओकला, पण तोंड पुसलं की त्याचं पुन्हा सुरू. हे झाड कशाचं, ह्या गाडीला बैल का नाहीत, खाली गेल्यावर परत वर कसं यायचं. कंडक्टर म्हणाला, बाई, ह्या पोराचंसुद्धा तिकीट लावा, चार माणसांएवढा बोलतो. आबासुद्धा हसले.

उकंडराव आम्हाला घ्यायला बैलगाडी घेऊन आले होते. धाडच्या बाजारात बैल घ्यायला आले होते ना, तेच. त्यांचा मळा गावापासून जवळ आहे. विहिरीला पाणी भरपूर, पण भाजीपाला काढणारं माणूस नव्हतं. आता आबांनी करायचं आणि पिकेल त्याचे दोन वाटे. मळ्यातच कुडाचं घर दिलंय. जमीन काळीभोर आहे, पाय ठेवला की चपलेला ढेकूळ येतं. गावातल्या विहिरींचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजत नाही. आमच्या मळ्यातलं गोड आहे म्हणून बायका इथं येतात.

हे पत्र आबांना माहीत नाही. त्यांना निजामाच्या शाळेतलं उर्दूच वाचता येतं, म्हणून मी समोर बसून लिहिलं तरी त्यांना वाटतं मी अभ्यास करते. मायला माहीत आहे. ती म्हणते, लिही, वेळेवर जेवतो का. आणि लिही, काकूला पाणी भरू लाग.

वाटणीत विहीर काकांकडं गेली आणि तूपण काकांकडं गेलास. मी त्यावर काही लिहीत नाही. इथं कुणी विचारलं तर आबा सांगतात, मला एक पोरगी अन् एक पोरगा. तुला सांगावं की नाही याचा विचार केला आणि मग सांगितलं.

चांगुणा

•

वरवट बकाल, ता. २७ ऑगस्ट १९६१

दादा,

तुझं पत्र आलं नाही. पत्ता वर आहेच, तरी पुन्हा लिहिते: उकंडराव पाटील यांच्या मळ्यात.

मला शाळेत घातलं. मी पाचवीत जाणार होते, पण इथले गुरुजी म्हणाले, मोगलाईतल्या पोरांचा अभ्यास कच्चा असतो, वर्षभर चौथीत बसू दे. इथं आपल्याला मोगलाईतले म्हणतात. निजाम जाऊन इतकी वर्षं झाली, आता तर सगळं एकच महाराष्ट्र झालं, हे मी गुरुजींना सांगणार होते. पण नाही सांगितलं. चौथीचं सगळं येतंच आहे, म्हणून मला वेळ पुष्कळ मिळतो.

आमचा दिवस असा असतो. उजाडलं की मी आणि माय मेथी नाहीतर पालक उपटतो, जुड्या बांधतो. आबा टोपली घेऊन गावात जातात. मग मी भाकरी घेते आणि कडूबाला घेऊन शाळेत जाते. सुटल्यावर शेण, पाणी आणि वांग्यांची खुरपणी. उकंडरावांची मुलगी कोकिळा माझ्या वर्गात आहे. ती चांगली आहे. तिला भूगोल येत नाही आणि मला इथलं बोलणं येत नाही, म्हणून आमचं जमतं.

आता कडूबाचं. तो पहिलीत गेला. पहिल्याच दिवशी त्यानं उभं राहून मोठ्यानं सांगितलं, “गुरुजी, मला पाणी पायजे.” सगळा वर्ग हसला. इथं ‘मला’ म्हणत नाहीत, ‘मले’ म्हणतात. तुला नाही, तुले. त्याला नाही, त्याले. एक पोरगा ओरडला, “मला, मला, माकडाचा गळा!” मग सगळे तेच म्हणू लागले. पहिलीच्या सुट्टीत त्याला मध्ये उभा करून भोवती नाचले. मी चौथीच्या खिडकीतून पाहिलं, पण आमचा तास चालू होता.

मायला हे सगळं सांगितलं. त्या दिवसापासून तो शाळेत बोलत नाही. पाणीसुद्धा मागत नाही. घरी येऊन तांब्याभर पितो. घरी बोलतो, पण पूर्वीसारखं नाही.

माय म्हणते, लिही, कडूबा मजेत आहे. लिहिलं.

चांगुणा

•

वरवट बकाल, ता. २ नोव्हेंबर १९६१

दादा,

दिवाळी जवळ आली. काकूनं करंज्या केल्या असतील. माय करणार नाही म्हणते, तिला बरं वाटत नाही. तसं काही विशेष नाही. थोडा ताप येतो आणि जातो.

बाजाराच्या दिवशी मी शाळेत जात नाही. मायबरोबर बसते. का ते सांगते. पहिल्या काही बाजारांत आमचा माल तसाच परत आला. माय ओरडायची, “कोथिंबीर घ्या, कोथिंबीर.” बाया थांबायच्या, एकमेकींकडं बघायच्या, पुढं जायच्या. एक म्हातारी म्हणाली, “काय म्हनून राह्यली वं ही? सांबार तर दिसते चांगला.” इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि टमाट्यांना भेदरं. मायला ते सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या तोंडात बसत न्हाई ते. माल डोळ्यांनी दिसतो, घ्यायचा तर घेतील.”

मग मी ओरडायला लागले. कोकिळेनं मळ्यात उभं करून माझ्याकडून घोकून घेतलं होतं. “घ्या ना वं मावशी, ताजा सांबार हाय, पाहून तर घ्या!” पहिल्यांदा माझा आवाज माझा वाटला नाही. पण टोपली रिकामी झाली. आता बाया मलाच विचारतात. एक मावशी म्हणाली, “तू कोनाची वं पोट्टी? हे बाई तुह्यी कोन लागते?” मी म्हटलं, माय. तिला खरं वाटलं नाही.

परतताना माय माझ्या पुढं चालली. घरी आल्यावर मी भांडी घासता घासता म्हटलं, “माय, मले राख दे.” सवयीनं निघालं तोंडातून. तिनं उठून माझ्या तोंडावर मारलं. म्हणाली, “बाजारात काय बोलायचं ते बोल. ह्या घरात न्हाई. आज बोली गेली, उद्या गाव जाईल.” मग स्वतःच रडली.

मी आता बाजारात आणि शाळेत एक बोलते, घरी एक. मळ्याच्या फाटकापाशी बदलते. अवघड नाही.

तू एक ओळ तरी टाक. मायसाठी. माझ्यासाठी नाही टाकलीस तरी चालेल.

चांगुणा

•

वरवट बकाल, ता. २१ जानेवारी १९६२

दादा,

तुझं कार्ड मिळालं. मायला वाचून दाखवलं. तू लिहिलंस, ‘माय आणि कडूबाला इकडं पाठव, काकूची ना नाही.’ हे वाक्य मी आधी गाळलं होतं. पण ती म्हणाली, एवढ्या मोठ्या कार्डावर एवढंच लिहिलंय व्हय? मग वाचलं.

कडूबा आता घरीही बोलत नाही. संक्रांतीच्या आधीपासून. भूक लागली की चुलीपाशी येऊन उभा राहतो. पाहिजे असलं की बोट दाखवतो. आबांनी आधी लाडानं विचारलं, मग रागानं, आता विचारत नाहीत. म्हणतात, बोलंल तवा बोलंल. गुरुजींनी त्याला शाळेतून काढलं नाही, पण तो मागच्या भिंतीशी बसतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. गावात त्याला मुका म्हणतात. हसत मात्र नाहीत आता. मुक्याला कोण हसणार.

उकंडरावांच्या आई, गोजरबाई, त्याला पोटाशी घेऊन गूळ देतात. परवा त्या मायला म्हणाल्या, “लेकराले कोनाची नजर लागली असंन, नाहीतर जागा मानवली नसंन. झाड उपटून लावलं तं एखादं धरते, एखादं नाही धरत. त्यात कोनाचा दोष नाही बाई.” त्या चांगल्या मनानं बोलल्या. पण मायनं तेवढंच धरलं. जागा मानवली नाही.

आता ती रोज तेच म्हणते. कडूबाला घेऊन परत जायचं, माझ्या इंद्रभानाकडं, म्हणजे तुझ्याकडं. आबांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “जा. ज्या भावानं मला पाण्याला महाग केलं त्याच्या दारात उभी राहा. पण पोरगी माझ्याकडं राहील. मला भाकरी कोन करंल?”

म्हणजे माझी शाळा सुटेल. कोकिळेला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग मले भूगोल कोन सांगंन? मी हसले. मी त्याचं फारसं मनाला लावून घेतलेलं नाही. चौथी तर होईलच.

मायचा ताप उतरला आहे.

चांगुणा

•

वरवट बकाल, ता. १४ मार्च १९६२

दादा,

हे पत्र कुणासमोर वाचू नकोस. काकूसमोरही नाही.

कडूबा मुका नाही.

काल दुपारी मी विहिरीवर पाणी आणायला गेले. मोट हाकणारा गडी जेवायला घरी गेला होता. बैल धावेच्या उतारावर सावलीत उभे होते. आपला कडूबा तिथंच असतो हल्ली, बैल उतारावरून चालले की मोटेच्या दोरावर, नाड्यावर, बसून झोका घेतो. मी दगडाच्या मागं होते म्हणून त्याला दिसले नाही. आणि मला आवाज आला.

“काऊन बे, दमला का? पानी पेतं का? मले बी तहान लागली.”

मला वाटलं गावातलं दुसरं कुणी पोर आहे. डोकावून पाहिलं तर हा. डाव्या बैलाच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलत होता. थोडं थांबला आणि पुन्हा म्हणाला, “मला भूक…” मग स्वतःच्याच गालावर हळूच चापट मारली आणि म्हणाला, “मले भूक लागली. तुले लागली का? त्याले लागली का?” दुसऱ्या बैलाकडं बोट केलं. असं कितीतरी वेळ. जसं आपण पाढे म्हणतो तसं.

माझ्या हातून घागर वाजली. त्यानं वळून पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं. मी जवळ बसले. म्हटलं, “कडू, मी कुणाला सांगत नाही. पण तू घरी का बोलत नाहीस रे?” त्यानं माझ्या कानाशी येऊन आपल्या बोलीत सांगितलं, “अजून नीट येत न्हाई. घरी ‘मला’ म्हटलं की शाळेत पण तेच येतं तोंडात. सगळं आलं की मग बोलीन.”

तो एवढासा आहे, दादा. त्याला माझ्यासारखं फाटकापाशी बदलता येत नाही, म्हणून त्यानं दोन्ही बंद केलं.

मी त्याला शब्द दिला की मायला सांगणार नाही. सांगितलं तरी ती काय करील? तो बोलतो म्हणून आनंद करील की ‘मले’ म्हणतो म्हणून रडेल, ते मला कळत नाही. तुला सांगितलं, कारण तू लांब आहेस आणि तू कुणाला सांगशील अशी भीती नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, तू इतक्यात त्यांना न्यायला येऊ नकोस. त्याला थोडे दिवस लागतील. तो जवळजवळ शिकलाय.

चांगुणा

•

वरवट बकाल, ता. १९ मे १९६२

दादा,

आखाजीचा सण झाला आणि तू आलास. मी येऊ नको लिहिलं होतं, पण मायनं कोकिळेकडून वेगळं कार्ड लिहून घेतलं होतं की ये, हे मला तू आल्यावर कळलं. मायनं माझ्यापासून लपवलं, मी मायपासून लपवलं. कोकिळेशी मी दोन दिवस बोलले नाही. मग बोलले.

त्या दिवशी काय झालं ते तूही पाहिलंस. पण तू रागानं निघून गेलास, आणि तुला सगळं माहीत नाही. म्हणून मला दिसलं तसं लिहिते.

सकाळीच मायनं गाठोडं बांधलं होतं. आबा उजाडायच्या आत वावरात निघून गेले होते, न्याहारीलाही आले नाहीत. तू दारात उभा राहिलास तेव्हा मी तुला आधी ओळखलंच नाही, तुला मिशा आल्यात. मायनं तुझ्या तोंडावरून हात फिरवला. तेवढ्यात कडूबा विहिरीकडून पळत आला. तू त्याला उचलून वर धरलंस.

तो तुझ्याकडं बघत राहिला. मी मनात म्हणत होते, बोलू नको, आज नको. पण तो इतके दिवस साठवत होता. तू आलेला पाहून त्याला राहवलं नाही. तो मोठ्यानं म्हणाला, “दादा! तू केव्हा आला बे? मले काऊन नाही सांगतलं?”

एक अक्षर चुकलं नाही त्याचं.

माय भिंतीला धरून खालीच बसली. आणि तू हसलास. “अरं तिच्या! हा तर पार इकडचा झाला. म्हन म्हन, पुन्हा म्हन! काकांना ऐकवू चल, सारं गाव गोळा होईल.” तू प्रेमानं म्हणालास, मला माहीत आहे. पण त्याला ते कसं माहीत असणार? त्यानं तुझ्या खांद्यावरून अंग सोडवून घेतलं आणि कांद्याच्या पोत्यांमागं जाऊन बसला.

मग माय उठली. मला वाटलं ती त्याला मारणार, मला मारलं होतं तसं. ती तुझ्याकडं गेली. म्हणाली, “का हसलास?” तू म्हणालास, “अगं, गंमत वाटली.” ती म्हणाली, “इथं हसले म्हणून लेकरानं सालभर तोंड शिवून घेतलं. आता तिथं नेऊन पुन्हा शिवू व्हय?” तू म्हणालास, तूच बोलावलंस म्हणून आलो, आणि रागानं बाहेर गेलास. बाभळीखाली उभा होतास. तुला वाटलं असेल ती गाठोडं घेऊन मागून येईल.

ती गाठोड्यापाशी बसली होती. गाठ सोडत होती. गाठ घट्ट बसली होती, तिनं दातानं सोडली. लुगडी परत वळणीवर टाकली. मला म्हणाली, “त्याला भाकरी बांधून दे. दुपारची गाडी हाय त्याची.” ती भाकरी मी तुझ्या हातात दिली तेव्हा तू विचारलंस, माय येत नाही का, आणि मी म्हटलं, नाही. तू पुढं विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. म्हणून आता सांगितलं.

पोत्यांमागं जाऊन ती कडूबाशेजारी बसली. किती वेळ ते दोघं तिथं होते.

आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही. आबा वावरात नव्हतेच. ते फाट्यावर, जिथं एस.टी. थांबते तिथं, हॉटेलाच्या मागं बसून होते. सकाळपासून. माय आणि कडूबा जाताना लांबून तरी दिसावेत म्हणून. त्यांनी तुला एकट्याला गाडीत चढताना पाहिलं. हे मला हॉटेलवाल्याच्या मुलीनं सांगितलं. ते घरी आले तेव्हा माय पिठलं करत होती. ते दारातच थबकले. मग हातपाय धुऊन ताटावर बसले आणि एवढंच म्हणाले, “उनात गेला त्यो. पाणी घेतलं व्हतं का बरोबर?” माय म्हणाली, “घेतलं व्हतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जेवायला बसलो असताना कडूबा म्हणाला, “माय, भाकर दे.” मायनं दिली. मी मागाहून विचार केला तेव्हा लक्षात आलं, त्या वाक्यात ‘मला’ पण नाही आणि ‘मले’ पण नाही. त्यानं शोधून काढलं असेल की सहज आलं असेल, मला माहीत नाही. आता तो तशीच वाक्यं बोलतो. कधी दुसरी पण येतात. माय ऐकून घेते.

चांगुणा

•

वरवट बकाल, ता. २४ जून १९६२

दादा,

तुझं पाकीट मिळालं. मायनं दोनदा वाचून घेतलं. तू लिहिलंस की तू गाडीत खिडकीशी बसून खामगावपर्यंत रडलास, आणि काकांच्या घरी तुझ्या ताटाशी बसून कुणी तुला काही विचारत नाही. हा भाग मी आबा घरात असताना वाचला. मुद्दामच. ते दाराबाहेर खाटेवर बसून दोर वळत होते. मी आवाज जरा मोठा केला.

शाळा सुरू झाली. मी पाचवीत गेले. कडूबाला पुन्हा पहिलीतच ठेवलंय. त्याचं काही वाटत नाही त्याला, कारण आता तो वर्गात सगळ्यांत मोठा आहे. परवा तो एका पोराशी भांडला. कशावरून ते विचारलं तर म्हणाला, “तो खोटं बोलून राह्यला होता.” इतकं बोललेलं ऐकून गुरुजींनी त्याला उभं केलं आणि कविता म्हणायला लावली. त्याला ती येत नव्हती.

आबांनी या वर्षी उकंडरावांकडून वरचं वावरही घेतलंय. कपाशी लावायची म्हणतात. एकट्यानं होणार नाही हे मायलाही दिसतं आणि त्यांनाही. काल मी तुला पत्र लिहायला बसले तेव्हा ते आत आले. माझ्यासमोर उभे राहिले आणि विचारलं, “हा अभ्यास हाय, का त्याला लिहितीस?”

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, दादाला लिहिते.

ते थोडा वेळ कागदाकडं बघत राहिले. अक्षरं लागत नाहीत, तरी. मग म्हणाले, “लिही. म्हणावं, इथं पेरणीला माणूस लागतो. उकंडराव रोजंदारीचा गडी ठेवा म्हणत व्हते. मी म्हटलं, नगं, माझा थोरला येणार हाय.”

मायनं चुलीपासून मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

आबांनी सांगितलं ते एवढंच आहे. मी त्यात माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. पाऊस चांगला झालाय, वाफसा आला की पेरणी धरतील. तेव्हा उशीर करू नकोस.

चांगुणा